आबांची बाजू

समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सावद्याच्या एका ज्युनियर कॉलेजात, बारावीच्या वर्गात, मराठीच्या तासाला, शिक्षकाच्या टेबलावर एका वांग्याची विधिवत स्थापना करण्यात आली. वांगं हिरवं, भरताचं, चांगलं वजनदार होतं. स्थापना मी स्वतः केली. वर्गानं उभं राहून मान द्यावा अशी माझी अपेक्षा होती. वर्ग बाकांवर डोकं टेकून हसत होता.

विषय होता, आपलं म्हणणं लिहून कसं पटवायचं. फळ्यावर व्याख्या लिहिली की मुलं ती उतरवतात आणि विसरतात. वांगं कोणी विसरत नाही.

"बोला, भरताचं वांगं कशावर भाजावं?"

"पऱ्हाटीवर!" सगळे एका सुरात. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या भरतावरच ही मुलं वाढलेली.

"हे झालं तुमचं म्हणणं. आता कारण द्या."

"धुराचा वास लागतो, मॅडम."

"पुरावा?"

"माझी आई म्हणते."

"आई घरची साक्षीदार. चालणार नाही."

"मग डोळे बांधून दोन्ही चाखायला द्या," मागून कोणीतरी ओरडलं. "ओळखलं नाही तर नाव बदलीन!"

मी आनंदानं खडू हवेत उडवला. "शाब्बास! आता गॅसवर भाजणाऱ्यांची बाजू मांडा."

"त्यांना बाजूच नसते, मॅडम!"

दरवर्षी गाडी इथेच अडते. मग मी आवाज खाली आणते, डोळे बारीक करते आणि माझा लाडका नियम सांगते, "समोरच्याची बाजू अशी लिहा, की ती वाचून त्यानं म्हणावं, अरे, मला हेच तर म्हणायचं होतं! त्यानंतरच उत्तर द्यायचं." घरच्या कोणाला तरी काहीतरी पटवा, असा गृहपाठ दिला आणि वांगं पिशवीत घालून मी घरी गेले.

दोन दिवसांनी पहिल्या बाकावरची मुलगी चार पानं घेऊन आली. घरची केळीची बाग, आणि हिला बारावीनंतर धुळ्याला शेतकी कॉलेजात जायचं होतं, होस्टेलवर राहून. परवानगी देणार आजोबा, म्हणजे आबा. आबा बरीच वर्षं गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि तिथली शिस्त त्यांनी घरीही आणली होती. विहिरीवरची मोटार बदलायची असो की कोणाला लग्नाला जायचं असो, उत्तर एकच, "लेखी द्या." अर्जाच्या कोपऱ्यात ते लाल पेनानं शेरा मारत. शेरा एकदा पडला की बदलत नसे. म्हणजे पोरीला संधी एकच होती.

मी पानं वाचली आणि हादरले. तिचं स्वतःचं म्हणणं, कारणं, पुरावा, उत्तर, सगळं मिळून एक पान. आबांची बाजू तीन पानं! धुळे फार लांब आहे. परक्या गावी आजारी पडली तर उशाशी कोण बसणार? घरच्या बागेत शिकण्यासारखं काय कमी आहे? हिला पाठवू नये, असं मलाच वाटायला लागलं.

"अगं, तू तर त्यांची वकील झालीस! थोडं कापू या."

"आबांची बाजू अर्धी कशी लिहू, मॅडम? बरं दिसतं का ते? आणि तुम्हीच सांगितलं होतं ना."

माझा नियम माझ्याच गळ्यात पडला. मी पानं तशीच तिला परत दिली.

रविवारी आबांचा निरोप आला, मॅडमना बोलवा. कडक इस्त्रीची साडी नेसून मी गेले. आबा ओट्यावर चष्मा लावून अर्ज मोठ्यानं वाचत होते, फक्त स्वतःची बाजू, आणि तीही दुसऱ्यांदा.

"मॅडम, काय लिहिलंय पोरीनं! माझ्या मनातलं शब्द न शब्द!" शेवटचं पान त्यांनी नुसतं उलटलं. लाल पेनाचं टोपण निघालं. पोरगी दारात ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

मी रंगमंचावर उडी घ्यावी तशी पुढे झाले. "थांबा, आबा! तुमच्या बाजूलाही पुरावा लागतो. नियम म्हणजे नियम."

"पुरावा?" आबा हसले. "धुळं लांब आहे, याला पुरावा काय द्यायचा? सगळ्या जगाला माहीत आहे."

त्याच ओट्यावर पाचव्या मिनिटाला 'मंजूर' असा लाल शेरा पडला आणि पोरगी आज धुळ्यात आहे. ही माझ्या शिकवण्याची करामत, असं मी स्टाफरूममध्ये छाती पुढे काढून सांगते. तुम्हाला मात्र खरं सांगते. आतल्या खोलीत अक्का, आबांच्या पत्नी, तूरडाळ पाखडत होत्या. माहेर साक्रीचं, धुळ्याच्याही पलीकडचं; तिथून लग्न होऊन आल्या तेव्हा जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. सावद्यात उभा जन्म काढूनही त्यांनी माहेरची अहिराणी सोडली नव्हती, आणि त्या घरात एकही अर्ज केला नव्हता. सुपाचा आवाज थांबला.

"ईना वयमा माले साक्रीथाईन आठे आनं, तवय हाई लांब नही व्हतं का?"