अक्काताईंची फणसगाठ

गल्लीत कुणाच्या लेकराचं तोंड आलं की पाय अक्काताईंच्या दाराकडं वळायचे. अक्काताई औषध द्यायच्या, पण आधी चार शब्द सुनावायच्या. "स्वतः मिरच्या हाणतीस आणि पोराला अंगावर पाजतीस व्हय गं?" असं म्हणत कोनाड्यातली सहाण काढायच्या, थेंबभर पाणी घालून त्यावर म्हशीच्या खुरासारखी एक टणक, तपकिरी गाठ उगाळायच्या आणि बोटानं लेकराच्या तोंडाला आतून लावायच्या. परड्यातल्या फणसाची फांदी वाऱ्यानं पडली की तिच्यावर अशा गाठी सापडत. सासूनं त्यांच्या हाती दिली होती ती 'फणसाची गाठ' म्हणूनच. झाडाच्या अंगाला आलेली गाठ म्हणजे लाकूडच, त्यात विचारायचं ते काय?

एरवी खाण्यापिण्यात अक्काताईंइतकं कडक जैनाचं घर त्या भागात नव्हतं. बटाटासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. नवरा बापूसो गेले तेव्हा शेवटी शेवटी त्यांचं तोंड सोलून निघालं होतं. अक्काताईंनी ह्याच गाठीचा लेप लावला. "जन्मभरात अभक्ष्य म्हणून तोंडात गेलं न्हाय त्यांच्या," हे त्या मान वर करून सांगायच्या.

भिंतीपलीकडं चन्नाप्पांचं घर. त्यांची सून शिवलीला वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. बाजारात मश्रूमच्या पुड्या यायला लागल्या तशी तिनं एकदा हौसेनं भाजी केली. वास भिंत ओलांडून आला आणि अक्काताई भर हळदीकुंकवात बोलल्या, "ह्यांच्यात आता उकिरड्यावरचं आळंबंबी चालाय लागलं." शिवलीला ओटी न घेताच उठली.

तिथंच मिटलं असतं. पण पुढं तिच्या शिवांशचं तोंड आलं, पोर दूध ओढेना. राग गिळून ती अक्काताईंच्या दारात उभी राहिली. अक्काताई आतूनच म्हणाल्या, "आळंबं शिजतंय त्या घराला माझं औषध न्हाय. डाक्टरकडं जा." पोर डॉक्टरकडं जाऊन बरं झालं. शिवलीलाच्या मनातली जखम तशीच राहिली.

दोन हजार दोनच्या श्रावणात फणसाची एक फांदी भिंतीवरून शिवलीलाच्या अंगणात कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका नळावर असताना तिनं हाक मारली, "अक्काताई, जरा इकडं या. तुमची गाठ बघा."

"फांदी माझ्या झाडाची हाय. गाठी मुकाट दे."

"देते की. आधी हिचं पोट बघा." शिवलीलानं गाठ उलटी केली. "सुईनं टोचल्यागत बारीक भोकं हाईत. लाकडाला अशी असतात व्हय? फोडली तर आत नळ्याच नळ्या, थरावर थर. लाकडाचा एक धागा न्हाय. काल दुसरी एक कागदावर ठेवून वर वाटी झाकलेली." तिनं कागद वर धरला. गाठीच्याच आकाराचा गंजाच्या रंगाचा बारीक थर त्यावर पडला होता. "ही हिची बी. पिठागत झडलीया. आळंबं हाय हे, अक्काताई. लाकडावरचं आळंबं."

नळावर घागरी भरून वाहायला लागल्या तरी कुणी हलेना.

"तपकीर भुरभुरलीस कागदावर!" अक्काताई कडाडल्या. "ह्यासाठीच शिकीवलं व्हय बापानं?"

"माझ्या लेकराला नडलात, आणि सगळ्या गल्लीला आळंबं चाटवत बसलाय! बापूसोकाकांच्या तोंडातबी हेच घातलंत!"

बोलून गेल्यावर शिवलीलालाही ते जड गेलं. पण शब्द भिंत ओलांडून गेला होता. अक्काताईंनी भिंतीवरून हात लांबवून तिच्याकडची गाठ हिसकावून घेतली. "माझ्या घरात, माझ्या वाटीखाली ठेवून बघते. काय न्हाय पडलं तर सगळ्या गल्लीदेखत तुला नाक घासाय लावीन."

संध्याकाळी त्यांनी कॅलेंडरचं पांढरं पान घेतलं आणि झाकायला मुद्दाम बापूसोंची जेवणातली वाटी काढली. एवढी खात्री होती त्यांना.

मुलगा पारस वैतागला. "आई, आळंबं असलं तर असलं. औषधाला चालतंय."

"तुझ्या बाबांना चालत न्हवतं," अक्काताई म्हणाल्या.

सकाळी त्यांनी वाटी उचलली. पानावर तोच गंजाच्या रंगाचा खूर उमटला होता. त्यांनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं. तपकीर नव्हती. शेवटी शेवटी बापूसो डोळेही उघडत नव्हते; बायकोचं बोट ओळखून तेवढं तोंड उघडायचे.

पान चुलीत घातलं असतं तर कुणाला कळणार होतं? तेवढ्यात दारात बायडाबाई आली, मागच्या गल्लीतली, काखेत नात. "अक्काताई, रातभर रडतीया ओ. उगाळा की जरा."

अक्काताईंचा हात सवयीनं कोनाड्याकडं गेला आणि थांबला. मग त्यांनी सहाण, उरलेल्या गाठी, सगळं पदरात घेतलं आणि भिंतीशी जाऊन हाक मारली. शिवलीला पदर खोचूनच बाहेर आली.

"पडलंय कागदावर," अक्काताई नळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आळंबंच हाय. माझ्या घरात ते ऱ्हाणार न्हाय. तुझ्यात चालतंय, तू उगाळ."

"आणि माझ्या शिवांशच्या वक्ताला कुठं गेलती ही सहाण?"

बायडाबाईची नात टाहो फोडत होती. "मला काय बोलायचं ते मागनं बोल," अक्काताई म्हणाल्या. "मी पोरावर राग काढला, तू काढू नकोस."

शिवलीलानं सहाण ओढून घेतली आणि उगाळायला बसली.

"चंदन न्हाय ते, दाबून घासू नकोस."

"कळतंय मला."

"काय कळतंय? पाणी बघ किती वतलंस!"

"मग या इकडं आणि तुमीच करा."

"तुझ्या अंगणात? मेले तरी न्हाय."

तेव्हापासून तोंड आलेली लेकरं शिवलीलाच्या दारात जायला लागली आणि अक्काताई भिंतीअलीकडून तिच्या चुका काढायला लागल्या. गाठीला मात्र त्यांनी परत हात लावला नाही. बापूसोंची वाटी त्यांनी राखेनं घासली, परत घासली, उन्हात ठेवली. तरी ती मांडणीवर गेली नाही. फणसाच्या बुंध्याशीच पालथी राहिली.