बोधगयेत आई हरवली तेव्हा

बाबा गेले त्या वर्षी आईनं बोलणंच सोडलं. हट्टा गावातल्या आमच्या घरात ती दिवसभर गप्प बसायची आणि संध्याकाळी विहारात जाऊन पाली गाथा तेवढ्या म्हणून यायची. मी शाळेत शिकवते. अर्थ न कळता घोकंपट्टी करणाऱ्या पोरांवर डाफरणं हा माझा रोजचा धंदा. एकदा वैतागून म्हटलं, "माय, कळत न्हाई ते काहून म्हनून राहिलीस? माझ्यासंग दोन शब्द बोल की." ती उठून विहाराकडे निघाली. मला त्या गाथांचा रागच आला होता. मी तर विहारात जाणंही सोडून दिलं होतं.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावातून बोधगयेला गाडी निघाली. तिथलं महाविहार दाखवायचं बाबांनी आईला कबूल केलं होतं, म्हणून मी तिला घेऊन गेले. जगभरातून माणसं जे पाहायला येतात, ते उंच शिखर बघून आईनं फक्त हात जोडले. बोधिवृक्षाचं पान गळालं की ते जपून घरी न्यायला तिथे दहाजण धावतात. आमच्यापुढे एक पान पडलं, आईनं माझा हात सोडवला आणि पानामागे गेली ती गेलीच.

पांढऱ्या साडीतली म्हातारी शोधायची कशी? तिथली निम्मी गर्दी पांढऱ्या कपड्यांत. आईला हिंदी येत नाही, मुक्कामाच्या जागेचं नाव ठाऊक नाही. गाववाल्यांनी बाहेरचे रस्ते पालथे घातले. मी विहाराभोवती हाका मारत फिरले. शेवटी भिंतीला टेकून खाली बसले. बाबांमागोमाग हीही गेली, आता माझ्या हाती काही नाही, असं वाटून मी रडायला लागले.

तेवढ्यात "बुद्धं सरणं गच्छामि" ऐकू आलं. आवाज आईचा होता, आणि सोबत आणखी एक. वळणापलीकडे आई बसली होती. शेजारी कुणी परदेशी उपासिका, तीही पांढऱ्या कपड्यांतली, आईचा हात हातात घेऊन. दोघींची म्हणायची चाल वेगळी; एक पुढे गेली की दुसरीसाठी थांबायची. मी धावत जाऊन आईला धरलं, तर तिनं डोळ्यांनीच दटावलं: बस, पुरं होऊ दे. मी बसले आणि त्यांच्याबरोबर म्हणू लागले.

आमच्या घरात चमत्काराला थारा नाही, आणि मीही त्याला चमत्कार म्हणत नाही. त्या बाईचं नाव, गाव विचारायचंही राहिलं. पण शरण जाणं म्हणजे आधी आपली धावाधाव थांबवणं, हे मला तिथे कळलं. आता संध्याकाळी मी विहारात जाते आणि त्या बाईला मनोमन वंदन करते.

परतीच्या वाटेवर आई बोलतच होती, बाबांबद्दल, माझ्या लहानपणाबद्दल. वारंगा फाट्यावर गाडी चहाला थांबली, तेव्हा म्हणाली, "ती बाई काय काय इचारून राहिली, मला कायबी कळंना. मंग भ्यावानं मी गाथाच म्हनायला लागले, तर तीबी म्हनायला लागली. आपल्या घरचीच निघाली बघ."

"आन् पान? घावलं का तुला?"

"घावलं ना. तिला देऊन टाकलं. तिला आपल्याहून लई दूर जायचं व्हतं."