शेवंतीआतेचा धरणाचा बेत

शेवंतीआते एकच बेत दोन माणसांना सारखा सांगत नसे. डोळ्याच्या ऑपरेशनला जायचं होतं तेव्हा शेजारणीला म्हणाली कुडाळला जाते, आम्हाला म्हणाली कणकवलीला, आणि गेली तिसरीकडेच. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "सगळ्यांका सगळा सांगला काय कोण तरी मोडतो घालता." त्यामुळे आमच्या घरात तिच्याबद्दल कुणालाच काही खात्रीने ठाऊक नसायचं आणि तिला मात्र सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं.

आते बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून मालवणजवळच्या आमच्या वाडीत माहेरीच राहायची आणि बाजारात मासे विकायची. तिच्या पाठचे माझे बाबा आणि सगळ्यांत धाकटे बापूकाका. काका रांगत होते तेव्हा आजी वारली, म्हणून त्यांना आतेनेच वाढवलं. दोघा भावांची घरं शेजारीशेजारी. आते एक दिवस इकडे जेवायची, एक दिवस तिकडे, कारण दोघे भाऊ कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण रापणीवरून. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं भलंमोठं जाळं, आणि त्यात प्रत्येक घराचा वाटा. आजोबा गेल्यावर त्यांचा वाटा थोरला म्हणून बाबांनी आपल्याकडे ठेवला, काकांनी अर्धा मागितला. चार दिवस आरडाओरडा झाला आणि मग दोन्ही घरं मुकी झाली. आतेला हे मुकेपण फार लागायचं. जेवताना मध्येच हात थांबवून ती भिंतीपलीकडचा कानोसा घ्यायची.

गेल्या वर्षी तिने एकदम फर्मान काढलं, रविवारी धरणावर जायचं. वैभववाडीच्या बाजूला, थेट घाटाच्या पायथ्याशी. मी ओरोसला नोकरी करते, म्हणून गाड्या ठरवायचं काम माझ्याकडे आलं. एक नव्हे, दोन गाड्या! विचारलं तर म्हणाली, "तुका कित्याक होयत चौकशे? गाडये सांग नि गप रव." बाबांना तिने सांगितलं की तिथल्या देवीला बोललेला नवस फेडायचा आहे. काकांना सांगितलं की बाबा त्या दिवशी गोव्याला जाणार आहेत, घरात कोणी नाही, तर सोबतीला चल. माझ्या आईला म्हणाली, तू नुसता भात आण. आई वैतागली, नुसता भात घेऊन कुणी सहलीला जातं का! आणि काकी कुंपणाशी येऊन मला हळूच विचारते, "साडी खंयची नेसतलंस गो?" मला काही कळेना. आतेने तिला सांगितलं होतं की धरणावर मला बघायला पाहुणे येणार आहेत!

मी तणतणत आतेकडे गेले. ती कोयती पुसत बसली होती. "आते, नवस की नवरो? एक काय ता सांग."

"दोघव भाव एका पानार जेवले म्हणजे माझो नवस फिटलो," ती म्हणाली.

"मग धरणार कित्याक? हय दर्यार बसूया."

"दर्यार बसले तर वाटो आठवतलो. धरणाच्या पाण्यात कोणाचोच वाटो नाय." मग तिचा आवाज उतरला. "माझ्या डोळ्यांदेखत बोलाक होये गो. मागसून माका काय त्याचा?"

रविवारी आम्ही पोचलो तर काका आधीच येऊन बसलेले. बाबांनी त्यांना पाहिलं आणि वळले. पण तोवर आतेने दोन्ही ड्रायव्हरना वैभववाडीच्या बाजारात पिटाळलं होतं. "खंय जातलंस? गाडी सांजेक येतली." बाबा लांब एका झाडाखाली पाठ करून बसले. काका दुसऱ्या टोकाला गेले. काकीला संशय येऊ नये म्हणून नेसलेल्या रेशमी साडीत मी मधोमध, आणि काकी रस्त्याकडे बघत विचारतेय, "पावणे इले नाय ते?" आते शांतपणे म्हणाली, "रस्तो चुकले असतले."

आमच्याकडे भात, काकीकडे सुरमईची कढी आणि तळलेले तुकडे. एकाशिवाय दुसऱ्याचं जेवण होणारच नव्हतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. काकीने कढीचा टोप अगदी पाण्याच्या काठाशी नेऊन ठेवला, आणि तेवढ्यात झाडाखालून बाबा ओरडले, "बापू, टोप वर घे रे! पाणी चढतला!"

काका धावले. टोप उचलून पार वर दगडावर नेऊन ठेवला आणि म्हणाले, "घेतलंय, दादा."

मग दोघेही थबकले. धरण आपलं जिथल्या तिथे होतं. आते पोट धरून हसायला लागली. "रे मेल्यांनो, धरणाक भरती खंयसून येतली?"

आता गळाभेट होणार असं मला वाटलं. कुठची! काका चिडून म्हणाले, "तूच बोललंस पाणी चढतला म्हणान." बाबा म्हणाले, "मी बोललंय, तुका अक्कल नाय?" आणि तिथून गाडी थेट रापणीच्या वाट्यावर आली. दोघे टोपाच्या दोन बाजूंना बसून भांडत होते, आते त्यांच्या पानात कढी वाढत होती आणि दोघे भांडता भांडता जेवत होते. संध्याकाळपर्यंत आवाज खाली आला नाही. मी रडवेली झाले. "आते, सगळा फुकट गेला."

"खुळी काय गो तू?" ती काटा काढत म्हणाली. "भांडतत म्हणजे बोलतत."

त्यानंतर रोज भांडण. सकाळी चहाच्या वेळी काका भांडायला आमच्या ओटीवर यायचे आणि चहा पिऊन जायचे. मला आजही नीट सांगता येत नाही, की याला समेट म्हणायचं की नाही.

यंदा रापणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आते झोपेतच गेली. घरापुढच्या खळ्यात तिला बाहेर आणलं आणि अग्नी कोणी द्यायचा यावरून दोघांची जुंपली. "थोरलो मी आसंय," बाबा म्हणाले. "तिना माका वाढवल्यान, ती माझी आवस होती," काका ओरडले. दोघांचे डोळे वाहत होते आणि आवाज वाडीभर जात होता. मेलेल्या माणसासमोर हे काय, म्हणून लोक त्यांना गप्प करायला पुढे सरसावले. मी आडवी उभी राहिले आणि कुणालाही त्यांच्याजवळ जाऊ दिलं नाही.