रद्दीतून आलेली मैत्रीण

माझी पत्रमैत्रीण मला दुकानाच्या रद्दीत सापडली. बोथ या आमच्या गावी घराच्या पुढच्या खोलीत आमचं लहानसं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला वडील रद्दी आणत, तिच्यात एकदा मुलांच्या मराठी मासिकाची फाटकी पानं निघाली. एका पानावर पत्रमैत्री हवी असलेल्या मुलामुलींचे पत्ते होते. कऱ्हाडच्या एका मुलीनं छंद म्हणून ‘झाडावर बसणे’ असं लिहिलं होतं. तेवढ्यावर मी तिला पसंत केलं. मासिक बरंच जुनं होतं, तरी तिचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं की इतक्या दिवसांत एकाही शहाण्याचं पत्र आलं नाही, तेव्हा तूच आता माझी मैत्रीण.

त्या काळात आम्हाला कुणी न विचारता बरंच काही बदललं. आधी निजामाचं राज्य गेलं, त्याची टपालाची तिकिटंही गेली. मग राज्यांची नव्यानं वाटणी झाली. शेजारचं किनवट पलीकडे मराठी मुलखात गेलं आणि आम्ही आंध्रात राहिलो. आमचे मराठीचे गुरुजी बदली मागून पलीकडे गेले आणि वर्गात तेलुगू सुरू झालं. तेलुगूचा मला राग नव्हता, शिकवणाऱ्या बाई मायाळू होत्या. पण दिवसभर वर्गात चुकत-माकत लिहून घरी आलं की तिला पत्र लिहायला बसणं म्हणजे घट्ट चप्पल पायातून काढण्यासारखं असायचं.

तिला आमच्याकडच्या साध्यासुध्या गोष्टींचंच अप्रूप. कापूस बोंडातून आपोआप बाहेर येतो की ओढून काढावा लागतो, असं तिनं एकदा विचारलं. मी पाकिटात सरकीसकट कापसाचा पुंजका घालून पाठवला. तिनं तिच्या बसण्याच्या झाडाचं पान पाठवलं आणि पुढच्या खेपेला याहून मोठं शोधते, असं वर लिहिलं.

बाजारातल्या बायका विचारायच्या, पत्र कुणाचं, मामाचं का? मैत्रिणीचं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, पाहिली का कधी तिला? मला संताप यायचा. रोज पाहून तरी तुम्ही एकमेकींना किती ओळखता, असं ओठांवर आलेलं मी गिळायची. वडीलही हसून म्हणायचे, कोण कुठली पोर आणि आमच्या घरातली शाई संपवते. ती माझी कोणीतरी आहे, एवढं घरातल्या एका माणसानं तरी मानावं, असं मला फार वाटायचं.

आईला वाचता येत नव्हतं. मी पत्र मोठ्यानं वाचायची, तेव्हा ती ज्वारी पाखडत बसलेली असे. वाचून झालं की सूप उचलून आत जाई. तिनं ऐकलं की नाही, हेही कळायचं नाही.

मग एक पत्र वाकड्यातिकड्या अक्षरात आलं. ताप हटत नाही, झाडावर चढू देत नाहीत, तू लांबलचक पत्रं लिही. मी लिहीत राहिले. उत्तर येईना.

शेवटी आलं ते कार्ड होतं, एक कोपरा फाडलेलं. टपालवाल्यानं ते माझ्या हातात दिलं नाही, वडिलांना दुकानातून बाहेर बोलावून दिलं. मरणाची बातमी आणणारं कार्ड घरात घ्यायचं नसतं, बाहेर उभ्यानं वाचून फाडून टाकायचं असतं. वडिलांनी रस्त्यावरच हळू आवाजात वाचलं. तिच्या वडिलांनी लिहिलं होतं. मुलगी गेली. आपल्या मुलीस कळवावे, कारण तिची पत्रे अजून येत आहेत.

मला ते कार्ड हवं होतं. वडिलांनी तुकडे करून नालीत टाकले. आई दारात येऊन उभी होती. आपलं माणूस गेल्याचं कळलं की आंघोळ केल्याशिवाय घरात कशाला शिवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. वडील मला म्हणाले, “आंघोळ नाई लागत तुले. रक्ताची नाई, सोयऱ्यातली नाई थे.” त्यांना मला धीर द्यायचा होता, हे आज कळतं. तेव्हा मात्र त्यांनी तिलाही त्या तुकड्यांबरोबर टाकून दिलं, असं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

आईनं माझा दंड धरला. घरातून न जाता बाजूच्या बोळानं ती मला परसात विहिरीवर घेऊन गेली, पोहरा ओढला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. वडील मागोमाग आले.

“काऊन करून राह्यली हे? आपली कोन होती थे?”

आई दुसरा पोहरा ओढत होती. “हरेक कागदात मले नमस्कार लिवत होती थे,” ती म्हणाली. “आपली नाई कशी?”

आणि तो पोहरा तिनं नेसत्या लुगड्यानिशी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतला. तेव्हा कुठं मला आपल्या माणसासाठी रडतात तसं मोठ्यानं रडता आलं.