तात्यांचे हवेतले खण

कोणतंही नाव वाचून दाखवलं की तात्यांचा उजवा हात हवेत उठायचा. डोळे किलकिले, मान जराशी तिरकी, आणि हात कधी डावीकडे खाली, कधी समोर वर जाऊन थांबायचा. टपालखात्यात छत्तीस वर्षं त्यांनी पत्रांची वर्गवारी केली होती. पत्ता वाचायचा आणि पाकीट समोरच्या लाकडी खणांपैकी योग्य खणात टाकायचं, एवढंच काम. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली तरी ते खण त्यांच्या डोळ्यांसमोरून हलले नव्हते. माझ्यामुळे त्यांत वेबसाइटची नावं पडू लागली.

मी काशीत, मंगला गौरीच्या गल्लीत, घरी बसून लोकांना वेबसाइट करून देते. गिऱ्हाईक आलं की पहिला घोळ नावाचा. इंटरनेटवरचा आपला पत्ता काय असावा? प्रत्येकाला भारदस्त काहीतरी हवं असतं. समोरच्या घरातले तात्या रोज सकाळी आमचं वर्तमानपत्र न्यायला यायचे, आणि बघता बघता माझे परीक्षक होऊन बसले. नाव एकदाच वाचायचं, समजावून सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. हात एका जागी थांबला तर नाव पास. भटकत राहिला तर ते म्हणायचे, "पत्ता अपुरा." या दोन शब्दांनी माझी कितीतरी मेहनत पाण्यात घातली आहे.

एकदा संकठा घाटावरचा होडीवाला आला. त्याला 'गंगा वाइब्स' हवं होतं. तात्यांचा हात दोन फेऱ्या मारून मांडीवर परत आला.

"चाचा, ई नाम में का खराबी हौ?" त्याने विचारलं.

"खराबी कुछ नहीं. लेकिन ये होटल है, अगरबत्ती है, कि नाव है?"

होडीवाला हसला आणि 'बनारस बोट राइड' घेऊन गेला. दुसऱ्या एका साडीवाल्याने वडिलांचं नाव, गाव, रेशीम, हातमाग आणि घाऊक असं सगळंच एका नावात कोंबलं होतं. तात्यांनी त्याला सांगितलं, की हे नाव फोनवर ऐकता ऐकता गिऱ्हाईक चहा पिऊन परत येईल.

मला सगळं पटायचं असं नाही. मी म्हणायचे, जगात मोठी झालेली नावं बघा, अर्ध्या नावांचा अर्थ कुणाला ठाऊक नाही. त्यावर ते म्हणाले, "मोठी झाली तेव्हा झाली. त्याआधी किती दिवस गावभर सांगत फिरावं लागलं असेल, आम्ही काय विकतो ते. तुझ्या होडीवाल्याला एवढी फुरसत आहे का?" मुद्दा बरोबर होता. म्हणून मी वाद चालूच ठेवला.

मग आईचा नंबर आला. बाबा पौरोहित्य करायचे. महाराष्ट्रातून यजमान यायचे, विधी घाटावर व्हायचा आणि जेवण आईच्या हातचं. बाबा गेल्यावर यजमान दुसरीकडे जाऊ लागले आणि आई एकदम रिकामी झाली. स्वयंपाकघर दुपारपर्यंत लख्ख आवरून ती खिडकीत बसे. तिला रोज कुणीतरी जेवायला हवं होतं. मी तिची वेबसाइट करायचं ठरवलं आणि तिच्या नावावरून 'कुमुद काशी' सुचवलं. तात्यांनी विचारलं, फुलांचं दुकान आहे की गाण्याचा क्लास? मग त्यांनी स्वतःच नाव दिलं, 'काशी मराठी श्राद्ध भोजन'. कुठे, कुणासाठी, काय, सगळं त्यात आलं. हात सरळ जाऊन थांबला. मला ते नीरस वाटलं, पण खोट काढता येईना. तात्या म्हणतात तर ठेव, असं आई म्हणाली.

पितृपक्षात फोन खाली ठेवायला सवड मिळाली नाही. वडे, खीर, आमसुलाची चटणी करता करता आईच्या अंगावर तेज आलं. पितृपक्ष संपला आणि फोन मुका झाला. थंडीत काशीयात्रेला येणारी माणसं साधं वरण-भात, पिठलं-भाकरी शोधत असत, पण आमचं नाव वाचून पुढे जात. एका बाईंनी लेक-जावयाच्या जेवणासाठी फोन केला, नाव नीट ऐकलं आणि म्हणाल्या, "नको हो, नवं जोडपं आहे." आमच्या गल्लीत श्राद्ध हा रोजच्या कामाचा शब्द. तो ऐकून कुणी दचकेल हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तात्यांना काही बोलू नकोस, असं आईने बजावलं होतं. पण तिला पुन्हा खिडकीत बसलेलं बघून मला त्यांचा खरंच राग आला होता. मी सगळं सांगून टाकलं.

"खण बरोबर होता," तात्या म्हणाले. "त्या खणात वहिनींना बसवतोय, हे मी बघितलं नाही."

मी म्हटलं, दुसरं नाव घेऊ. ते म्हणाले, जरूर घे, पण लोकांच्या मनात जे बसलंय ते तेवढ्याने निघणार नाही.

त्याच महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. ऐंशी पार केलेल्या माणसाच्या दीर्घायुष्याचा सोहळा. जेवण त्यांनी आईला सांगितलं. इथवर ठीक होतं. पण पत्रिकेवर, शुभकार्याच्या पत्रिकेवर, खाली छापायला त्यांनी ओळ दिली, 'भोजन व्यवस्था: काशी मराठी श्राद्ध भोजन'. छापखानेवाल्याने दोनदा विचारून खात्री केली. पुण्याहून त्यांचा मुलगा श्रीधर फोनवर इतका भांडला की आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला. आईनेही हात जोडले.

"वहिनी, चूक माझी आहे," तात्या म्हणाले. "ती माझ्याच पत्रिकेवर छापली जाऊ दे."

साठेक माणसं आली. पानं वाढली गेली, पण काही म्हाताऱ्या ताटाकडे बघत नुसत्या बसून राहिल्या. तात्यांनी कुणाकडे न बघता पहिली पुरणपोळी संपवली आणि दुसरी मागितली. मग एकेक हात पानाकडे गेला. त्या आठवड्यात दोन घरांतून आईला बोलावणं आलं, एक बारशाचं होतं.

आम्ही 'काशी मराठी जेवण' हे दुसरं नाव घेतलं. ते वाचून दाखवलं तर तात्या म्हणाले, "मला नको, वहिनींना विचार." त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी विचारू लागले, की पाच वर्षांनी हेच करणार आहात ना? घाईची गिऱ्हाइकं वैतागायची. मी मात्र अजून तो प्रश्न विचारते.

आठ महिन्यांनी तात्या गेले. झोपेतच, त्रास न होता. पण गल्लीत कुजबुज सुरू झाली, की तो शब्द पत्रिकेवर छापला तेव्हाच पाल चुकचुकली होती. आईच्या कानावर ते आलं. तिने फोन बंद करून कपाटात टाकला आणि आता कुणाचंच जेवण करायचं नाही म्हणाली.

चौथ्या दिवशी श्रीधर आमच्या दारात आला. सुतक होतं म्हणून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"काकू, त्या ओळीवरून मी तात्यांशी भांडलो होतो," तो म्हणाला. "तेराव्याचं जेवण तुम्हीच करा."

"तू जेवलास का?" आईने विचारलं.

त्याने नाही म्हणून मान हलवली. सकाळपासून तो चहावरच होता. आईने कपाटातला फोन काढून माझ्या हातात दिला, चालू कर म्हणाली, आणि तांदूळ धुवायला आत गेली.