आत्याचं मिट्टी का तेल

आत्या बादली नाकाशी धरून उभी होती आणि मागे बायकांची लाइन खोळंबली होती. "कांचन, तू बघ गं," म्हणाली. मी वास घेतला. गॅरेजात येतो तसा. पाण्यावर रंगीत तवंग फिरत होता. आत्यानं बादली तिथंच उपडी केली आणि सगळ्यांना सांगितलं, आजपासून ह्या विहिरीचं पाणी कोणी पोटात घालायचं नाही.

सुलभा आत्या लग्न होऊन साताऱ्याहून भोपाळला आली. तिचे यजमान नीळकंठकाका सरकारी कंपनीत क्लार्क, आमची कॉलनी आनंद नगरच्या पुढे. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत सगळे मराठीच, त्यामुळे तिचं हिंदी कधी झालंच नाही. भाजीवाल्याशी ती मराठीच बोलायची, फक्त जोरात. जोरात बोललं की समजतं, असं तिचं मत. मी तिच्याकडेच राहायचे; नववीत शाळा सोडली तेव्हा सगळे माझ्या डोक्यावर बसले. ही एकटी म्हणाली, जेवलीस का. तिला कोणी वाकडं बोललं की माझी सटकते. तरी हे सांगताना मान खाली जाते.

विहिरीशेजारी कडुनिंबाखाली हरप्रसादचा ठेला असायचा. ठेल्यावर ड्रम, मापं, नरसाळं. "रॉकेऽल" अशी हाळी मारत आमच्या लाइनीत यायचा. मला वाटायचं, हा हिंदी माणूस कधीतरी नागपूरला राहिलेला असणार.

पाण्याचा तपास करायला कंपनीनं सक्सेना साहेबांना पाठवलं. बरोबर दोन माणसं, जमिनीत फिरवून घुसवायचा लांब लोखंडी स्क्रू, मातीचे नमुने भरायला काचेच्या बाटल्या. साहेब बायकांना विचारत होते, कोणाला काही माहीत आहे का. आत्या पुढे झाली. मी तेव्हा चक्कीवर होते.

आत्याला खरंच माहीत होतं. आमच्या स्वयंपाकघरामागे पूर्वी एका ठेकेदाराचे ट्रक उभे राहायचे. त्यानं डिझेलची टाकी जमिनीत पुरलेली होती. ठेका संपल्यावर क्रेन लावून टाकी उपटली. आत्या खिडकीत पोळ्या लाटत होती. खालची माती काळी, ओली निघाली. ठेकेदाराच्या माणसांनी तीच माती परत खड्ड्यात लोटली आणि वरून सपाट केलं. आता तिथं पोरं क्रिकेट खेळतात. आत्याला हेच सांगायचं होतं, की हे त्या मातीतलं तेल आहे. माती म्हणजे मिट्टी. झालं. ती म्हणाली, "साहब, पानी में मिट्टी का तेल है. मैंने खुद देखा."

साहेबांनी मान वळवून कडुनिंबाकडे बघितलं. पहिला स्क्रू तिथंच घातला. रॉकेलच्या ठेल्याखालच्या मातीला रॉकेलचाच वास येणार, दुसरा कसला येणार? संध्याकाळी चौकीदारांनी हरप्रसादचा ठेला ढकलत गेटबाहेर काढला. त्यानं विचारलं, शिकायत कोणी केली. चौकीदारानं आमच्या घराकडे बोट केलं. तो ठेला घेऊन गेला.

रात्रीचं पीठ मळताना आत्या मलाच विचारते, "त्या बिचाऱ्याला का गं काढलं?"

"मिट्टी का तेल विहिरीत सांडतो म्हणून."

"ते तर मी सांगितलं. त्याचा काय संबंध?"

"आत्या, मिट्टी का तेल म्हणजे रॉकेल."

तिचे हात परातीतच राहिले. मग म्हणाली, काकांनी जाऊन सांगावं. काका म्हणाले, साहेबांसमोर मी काय सांगू, माझ्या बायकोला हिंदी येत नाही? आत्या म्हणाली, सगळी कॉलनी हसेल, इतकी वर्षं राहून बाईला एवढं कळत नाही. माझं डोकं खराब झालं. मी तिला म्हटलं, "तुझी लाज मोठी की त्याचं पोट?"

ती रात्रभर कूस बदलत होती. सकाळी लग्नाकार्याला नेसायची साडी नेसली आणि निघाली. मी मागे. सक्सेना साहेबांसमोर, सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मिट्टी का तेल नहीं. मिट्टी में तेल. गलती मेरी."

स्क्रूवाला हसला. "भाभीजी, कल बतातीं तो सरसों का तेल भी ढूँढ लेते." मी त्याच्या अंगावर जाणार होते, आत्यानं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं तिनं क्रिकेटच्या जागेकडे दाखवलं.

तिथं कमरेइतकं खाली गेल्यावर काळी माती आली, नाक धरावं अशी. आणखी खोल भोक पाडून त्यात पाइप बसवला आणि दोरीनं नळी सोडून पाणी काढलं. नळीत पाण्यावर बोटभर डिझेल तरंगत होतं. जमिनीचा उतार सरळ विहिरीकडे. ठेल्याखालचं रॉकेल वीतभरच मुरलेलं होतं, त्याच्याखाली माती कोरडी. विहीर बंद झाली, काळी माती ट्रक भरभरून गेली आणि हरप्रसादला परत यायची परवानगी मिळाली.

तो आला नाही.

मग आत्या मला घेऊन आनंद नगरला गेली. तो तिथं एका कोपऱ्यावर उभा राहायचा. वाटभर तिनं माफीचं एक हिंदी वाक्य पाठ केलं होतं, माझ्याकडून चारदा दुरुस्त करून घेतलं होतं. समोर गेल्यावर तोंडच उघडेना. नुसता डबा पुढे केला. त्यानं भरून दिला आणि विचारलं, "पानी साफ हुआ, बाई?" आत्यानं मान हलवली. परत येताना ती पूर्ण रस्ता पदर तोंडाला लावून चालली. पुढे कॉलनीच्या गेटवर दुसरा रॉकेलवाला यायला लागला, तरी ती डबा घेऊन चालत आनंद नगरलाच जायची.

घरोघरी गॅस आला, हरप्रसादचा धंदा बसला. बऱ्याच वर्षांनी बाजारात त्याची बायको भेटली. मी सहज विचारलं, हरप्रसादभैया नागपूरला किती वर्षं होते? ती म्हणाली, कुठलं नागपूर, हे तर कधी इटारसीच्या पुढे गेले नाहीत. सगळ्या भोपाळात ते "मिट्टी का तेल" असंच ओरडायचे. फक्त आमच्या लाइनीत रॉकेल. आमच्याच दारात एक नवी मराठी सून उभी असायची, त्यांची हाळी ऐकूनही तिला कळायचं नाही आणि घरातला स्टोव्ह रिकामा राहायचा. एकदा ती नवऱ्याला रॉकेल संपलं म्हणून सांगत होती, ते त्यांनी जाता जाता ऐकलं. तो शब्द त्यांनी घरी येऊन घोकून घोकून पाठ केला होता.