कमरेवरचा शेठ

शेठने दिलेला पेजर मी एका कारागिराच्या कमरेला बांधला आणि कामाच्या वेळेत, कुणालाही न सांगता, सुरतेच्या दुसऱ्या टोकाला कोसाडला निघून गेलो. मी कुठे आहे हे पेजर शेठला कळवत असतो, अशी माझी खात्री होती.

पेजर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी, तिला काचेची एक पट्टी. तुम्हाला निरोप द्यायचा असेल तर माणूस पेजरवाल्यांच्या ऑफिसात फोन करायचा, तिथली मुलगी निरोप ऐकून टाइप करायची आणि तो तुमच्या कमरेवरच्या पट्टीत उमटायचा. अक्षरं इंग्रजी, भाषा हिंदी. तुम्हाला त्यावरून उलट काही कळवता येत नसे. हे शेवटचं वाक्य मला आज ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं, आणि कुणाला विचारण्याइतका साधेपणाही माझ्यात नव्हता.

मी यंत्रमागांचा मास्तर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. शेठचे दोन कारखाने; एक उधन्याला, दुसरा भेस्तानला. भेस्तानवाल्यांना वाटायचं मास्तर उधन्याला आहे, उधन्यावाल्यांना वाटायचं भेस्तानला आहे, आणि मास्तर असायचा मधल्या रस्त्यावर. तिथे एक चहाची लारी, म्हणजे हातगाडी होती, शेजारी पानाची टपरी, आणि माझ्या बुडाच्या आकाराचा एक ओटा. माग बंद पडला की माणूस मला शोधायला सायकलवर निघायचा, तो पोचेपर्यंत माझा दुसरा चहा व्हायचा. सुरतेतल्या सगळ्या मास्तरांची नोकरी या मधल्या रस्त्यावर चालायची. कुणी ते बोलून दाखवत नसे, एवढंच.

शेठने पेजर आणला तेव्हा त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि स्वतःच्या हातानं माझ्या पट्ट्याला अडकवला. म्हणाला, "हवे क्यां भागीश, मास्तर?" आता कुठे पळशील! सगळे हसले. मी हसलो नाही. मी ते वाक्य मनात ठेवलं आणि त्याला पाणी घालत बसलो.

मागांच्या खडखडाटात बीप ऐकू येणार नाही म्हणून तो नुसता थरथरेल अशी व्यवस्था होती. लारीवर बसलो होतो आणि कमरेला पहिल्यांदा गुदगुल्या झाल्या तेव्हा अर्धा चहा शर्टावर सांडला. पट्टीत आलं होतं, 'चाय पी ली हो तो भेस्तान आओ.' मी आजूबाजूला पाहिलं. लारीवाला, पानवाला, एक झोपलेला कुत्रा. पुढे तिथेच उसाचा रस पीत असताना आलं, 'रस बाद में.' टपरीसमोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो तेव्हा आलं, 'दाढी हो गई?' आता सांगा, याला आणखी काय पुरावा हवा?

तरी मी शास्त्रोक्त प्रयोग केला. एक दिवस पेजर स्टीलच्या डब्यात भाकरीखाली ठेवला आणि डबा घट्ट लावला. दिवसभर एकही निरोप आला नाही. त्या दिवशी एकही माग बिघडला नव्हता, ही गोष्ट मी हिशेबात धरली नाही. पोलादापुढे त्याचं चालत नाही, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. भेस्तानला एका खोलीत आम्ही गावाकडचे गडी दाटीवाटीनं राहायचो. तिथे कपडे बदलताना मी पेजरचं तोंड भिंतीकडे करायचो. शेठविषयी काही बोलायचं असलं की त्याच्यावर उशी ठेवायचो. सोबत्यांना आधी हसू यायचं, मग तेही उशी ठेवायला लागले.

आज नातवंडं या गोष्टीला हसतात. हसू द्या. त्यांच्या खिशातला फोन त्यांना सरळ विचारतो की तुम्ही कुठे आहात ते कळवू का, आणि ती 'हो' म्हणतात. माझं चुकलं ते इतकंच की मी काही वर्षं आधी घाबरलो, आणि चुकीच्या डबीला घाबरलो.

आता कोसाडचं. माझी बायको लग्नापासून नंदुरबारकडे आमच्या गावी सासू-सासऱ्यांजवळ होती आणि मी इकडे. त्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला घरी गेलो तेव्हा तिनं भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता सांगून टाकलं, "आते माले सुरतले लई चला, नहीतर मी माहेरले जास." तिचा आवाज चढलेला नव्हता. तीच भीतीची गोष्ट होती.

सुरतेत खोली मिळणं म्हणजे काय ते बाहेरगावच्या माणसाला सांगून पटायचं नाही. एकट्या पुरुषाला कुणी दारात उभं करायचं नाही. मला कळलं की कोसाडच्या वसाहतीत आमच्याच खानदेशातली एक म्हातारी स्वतःच्या घराची मागची खोली देते, पण नवरा-बायको दोघांना समोर पाहिल्याशिवाय नाही. मी बायकोला पत्र टाकलं, मंगळवारी ये, मी स्टेशनवर असतो. काही अडचण आली तर निरोप द्यायला पेजरवाल्या ऑफिसचा फोन आणि माझ्या पेजरचा आकडा लिहिला. ऑफिसात कोण बसतं हे लिहिलं नाही. गरजच काय, असं वाटलं.

सोमवारी मात्र मला राहवेना. खोली दुसरं कुणी पळवेल म्हणून आधीच जाऊन म्हातारीला भेटून यावं असं ठरवलं. रजा मागितली असती तर शेठनं कारण विचारलं असतं, आणि कारण कळलं असतं तर भेस्तान सोडून चाललास का म्हणून फाटे फोडले असते. तेव्हा मी परभणीकडचा एक कारागीर गाठला. तो आपल्या मागांमधून दिवसभर येरझाऱ्या घालायचा, म्हणजे पेजरही मास्तरासारखा हिंडत राहिला असता. त्याच्या कमरेला तो बांधून मी बजावलं, "काढायचा नाही. हात लावायचा नाही. आणि हा जवळ असताना माझ्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. याला ऐकू येतं."

त्यानं डबीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मास्तर, हे चावायचं तर न्हाई ना?"

"फक्त थरथरेल."

"मंग म्या बी थरथरतो," असं म्हणून तो कामाला लागला.

कोसाडला म्हातारी ओट्यावर डाळ निवडत बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"बाई कोठे शे?"

"उद्या येते, आजी. गावाहून निघेल."

"मग उद्याच येवानं व्हतं. संध्याकायले दुसरा जोडा येवाव शे. लेकरं शेतस त्यासले." तिनं पुन्हा डाळीत डोकं घातलं. मी खोली नुसती बघू का म्हणालो, तर नाही म्हणाली. बघून काय करशील, तुझी थोडीच आहे?

शटल रिक्षात चार अनोळखी उतारूंबरोबर दाटीनं बसून परत निघालो. सुरत स्टेशनसमोर रिक्षा बराच वेळ अडकली होती. मी स्टेशनच्या फाटकाकडे बघत मनातल्या मनात बायकोला दुसरं पत्र लिहीत होतो, की आणखी थोडे दिवस थांब. त्या फाटकाच्या आत, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ, ती सकाळपासून बसलेली होती.

हे मला भेस्तानला पोचल्यावर कळलं, आणि एकट्याला नाही, सगळ्या कारखान्याला बरोबरच कळलं. झालं असं की दुपारी एक माग मोडला. शेठनं मला निरोपावर निरोप पाठवले, शेवटी स्वतः आला. कारागिराला विचारलं, मास्तर कुठे? कारागीर एक शब्द बोलेना. आधी त्यानं कमरेकडे बोट दाखवलं, मग कानाकडे, मग तोंडावर हात ठेवला. शेठला वाटलं याला झटका आला. पाणी आणवलं, वारा घातला, आणि वारा घालताना सदऱ्याखालची डबी दिसली.

मी आत शिरलो तेव्हा शेठ ती हातात घेऊन उभा होता. नेमकी वीज गेली आणि सगळे माग एकदम गप्प झाले. इतकी शांतता त्या कारखान्यात मी कधी ऐकली नव्हती.

"आ शुं छे?" शेठनं विचारलं.

मला खोटं सुचलं असतं, पण कारागीर बोलून मोकळा झाला. "शेठ, मास्तर म्हनले हे तुमाला समदं सांगतंय. म्हनून म्या बोललो न्हाई."

शेठ आधी गंभीर झाला, मग त्याचं पोट हलायला लागलं. "अरे मूरख, आ डब्बो खाली सांभळे, बोले नहीं!" हा फक्त ऐकतो, बोलत नाही.

"मग मी चहा पितोय ते तुम्हाला कसं कळायचं? रस? दाढी?"

"तू बीजे क्यां होय?" तू दुसरीकडे असणार कुठे! आणि मग सहज, जशी काही ती साधी गोष्ट आहे, तो म्हणाला की लारीशेजारच्या पानवाल्याकडे फोन आहे. मी बसलो की तो करतो.

त्या पानवाल्याला मी रोज रामराम करायचो. माझ्या घरची खुशालीसुद्धा सांगायचो.

तोवर शेठ पेजरची बटणं दाबत होता. "तारा मेसेज छे," म्हणाला आणि स्वतःचे निरोप सोडून बाकीचे मोठ्यानं वाचायला लागला. मी हात पुढे केला, पण तो चष्मा वर करून वाचतच राहिला. पहिला निरोप, 'आपकी पत्नी सुरत स्टेशन उतर गई हैं. लेने आइए. कहती हैं मैं भी साथ आऊँ.' दुसरा, 'पत्नी पूछ रही हैं मैं कौन हूँ. कृपया उन्हें बता दें.' तिसरा, 'पत्नी स्टेशन पर बैठी हैं. बहुत गुस्से में हैं.'

मागांच्या ओळीच्या अगदी टोकाकडून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. शेठ माझी जागा ओळखेल म्हणून मी ती डबी दुसऱ्याच्या कमरेला बांधली होती. जागा तिनं कुणाला सांगितली नाही. घरची भानगड मात्र आधी त्या टाइप करणाऱ्या मुलीला, मग शेठला आणि मग सगळ्या भेस्तानला सांगून टाकली.

शेठनं डबी माझ्या हातात दिली. "जा, जलदी जा. माग काले करजे." माग उद्या कर म्हणे.

स्टेशनवर बायको नळाजवळ बसली होती, मांडीवर कुरडयांचा डबा, शेजारी गोणी. मला पाहून उठली नाही. माझ्या मागे पाहिलं.

"ती कोठे शे?"

"कोण?"

"जी फोन उचलस ती. माले म्हणे, नाव बताओ. तुम्हनं नाव मी कसं लेवू? बूथवाल्यानं सांगं. मग म्हणे, मैं उनको बता दूँगी. कव्हाबी बतावस? इतली जवळ बसस का तुम्हना?"

मग मला कळलं. शनिवारी तिनं गाडीची वेळ कळवायला फोन केला होता. गोड आवाजाच्या बाईनं उचलला आणि मी निरोप देते म्हणाली, तशी हिनं वेळ न सांगताच फोन ठेवून दिला. मंगळवारपर्यंत वाट बघणं तिला शक्य नव्हतं. म्हणून एक दिवस आधी निघून आली होती आणि उतरल्यावर स्टेशनच्या बूथवरून त्या बाईलाही समोर उभं करा म्हणून निरोप दिला होता.

मी पेजर काढून दाखवला. ऑफिस, मुलगी, टाइप, पट्टी, सगळं समजावलं. तिनं डबी उलटी-सुलटी केली, कानाला लावली, वास घेतला.

"म्हणजे मी तुम्हले जे बोलनू ते तिनं पयले आयकं?"

"हो."

"आनि मग शेठनं?"

"आज... हो. आणि कारागिरांनीही."

तिनं डबी माझ्या हातात परत ठेवली. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मग ते पत्र बरं व्हतं," आणि गोणी माझ्या डोक्यावर ठेवली.

ऊन उतरलं होतं. कोसाडचा दुसरा जोडा संध्याकाळी येणार होता. मी रिक्षावाल्याशी घासाघीस केली नाही, हे त्या दिवसाचं माझं एकमेव शहाणपण. वसाहतीत शिरलो तर म्हातारीच्या ओट्यावर कुणी नव्हतं. मग ती आतून सूप घेऊन आली, माझ्या मागे पाहिलं, आणि या वेळी मागे कुणीतरी होतं.

"उद्या येवावनी व्हती ना?" म्हातारीनं विचारलं.

"सकायपासून स्टेशनवर बठेल शे," बायको म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत तिनं सगळं सांगितलं. पत्र, फोन, ती मुलगी, कारागीर, शेठ. मी मध्ये एकदोनदा तोंड उघडलं, पण दोघींपैकी कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. म्हातारीनं हसण्याचं नाव घेतलं नाही. सूप खाली ठेवलं, कमरेची किल्ली सोडली आणि माझ्या पुढे केलेल्या हाताला वळसा घालून बायकोच्या हातात दिली.

"खोली मी तुले दिनी, पोरी," ती म्हणाली. "याले पाहुना म्हनीसन ऱ्हावू दे."